दोन शाळांच्या मधले दहा आठवडे

२०२४ च्या मार्चमध्ये आम्ही न्यू जर्सीहून टेक्सासला, डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहायला आलो, तेव्हा आमची लेक सहावीत होती आणि तिच्या शाळेचे वर्ष संपायला अजून तीन महिने बाकी होते. पत्नीची बदली झाली होती, जुन्या घराचा भाडेकरार संपला होता, आणि ज्या नव्या घरात मार्चअखेर राहायला जायचे होते त्याचा ताबा बिल्डरने आधी मेपर्यंत आणि मग जुलैपर्यंत लांबवला. तोपर्यंत आम्ही स्वयंपाकघराची सोय असलेल्या एका हॉटेलात दोन खोल्या घेऊन राहिलो. ते हॉटेल नव्या घरापासून मोटारीने पंचवीस मिनिटांवर होते, पण वेगळ्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या वेगळ्या विभागात, येत होते, आणि पुढच्या साऱ्या गोष्टी या एका बाबीतून घडल्या.

भारतातल्या वाचकांसाठी सांगायला हवे, की इथे पब्लिक स्कूल म्हणजे आपल्याकडच्या नावाप्रमाणे महागडी खासगी शाळा नव्हे, तर करांच्या पैशातून चालणारी मोफत शाळा. मूल कोणत्या शाळेत जाणार हे पालक ज्या पत्त्यावर राहतात त्यावरून ठरते, आणि तो पत्ता वीजबिलाने, भाडेकराराने किंवा घरखरेदीच्या कागदांनी सिद्ध करावा लागतो. आमच्याकडे नव्या घराचा करार होता, पण ताब्याची तारीख इतकी लांब होती की त्या डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाने तो मान्य केला नाही. हॉटेलच्या पत्त्यावर तिथल्या मिडल स्कूलमध्ये प्रवेश मिळाला असता. परंतु टेक्सासमध्ये शाळा मेच्या अखेरीस सुटतात, म्हणजे जेमतेम दहा आठवड्यांसाठी नवी शाळा, नवे शिक्षक, कुलपाचा नवा क्रमांक असलेला नवा लॉकर, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा हे सगळे पहिल्यापासून. बाराव्या वर्षी एका शाळेत रुजू होणेच पुरेसे अवघड असते. मी त्या वेळी एक कंत्राटी काम संपवून नोकरीच्या शोधात होतो, त्यामुळे दिवसा घरी राहू शकणारे माणूस उपलब्ध होते. आम्ही तिला दहा आठवडे घरी शिकवायचे ठरवले.

आम्ही होमस्कूलिंगचे पुरस्कर्ते नव्हतो आणि आजही नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण या विषयावर माहिती शोधू लागल्यावर जे साहित्य हाती येते ते बहुतेक अशा कुटुंबांसाठी असते ज्यांनी वर्षानुवर्षांसाठी हा मार्ग निवडलेला असतो. त्यांचे अभ्यासक्रमाचे संच वर्षभराचे असतात, त्यांचे सल्ले मुलाला शाळेच्या सवयींपासून हळूहळू सोडवण्याचे असतात. आम्हाला तिला शाळेपासून सोडवायचे नव्हते, शाळेकडे परत न्यायचे होते. ही दोन कामे बाहेरून सारखी दिसली तरी वेगळी आहेत, हे कळायला मला तीन आठवडे लागले.

आधी कायद्याचे. १९९३ पासून अमेरिकेच्या सगळ्या ५० राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर आहे, पण नियम राज्याराज्यांत इतके वेगळे आहेत की एका राज्यातल्या मित्राचा सल्ला दुसऱ्या राज्यात निरुपयोगी ठरतो. आम्ही या बाबतीत नशीबवान होतो, कारण न्यू जर्सी आणि टेक्सास ही दोन्ही राज्ये पालकांना फारसे विचारत नाहीत. टेक्सासमध्ये घरातली शाळा ही खासगी शाळाच मानली जाते. आर्लिंग्टन या डॅलसजवळच्या शहराच्या स्कूल डिस्ट्रिक्टविरुद्ध काही कुटुंबांनी दाखल केलेला लीपर खटला या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९४ मध्ये न्यायालयाने कुटुंबांच्या बाजूने निर्णय दिला. त्यानुसार अपेक्षा एवढीच आहे, की शिकवणे प्रामाणिकपणे व्हावे, पुस्तकांच्या, वह्यांच्या किंवा पडद्यावरच्या मजकुराच्या रूपात अभ्यासक्रम असावा, आणि त्यात वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित व नागरिकशास्त्राचा समावेश असावा. नोंदणी नाही, तासांची अट नाही, परीक्षा नाही. पब्लिक स्कूलला मात्र वर्षाला ७५,६०० मिनिटे भरवावी लागतात, आणि हा आकडा आमच्या लेकीला इतका आवडला की पुढचे काही दिवस ती प्रत्येक जेवणाची मिनिटे मोजत होती.

हेच आम्ही पेनसिल्व्हेनियात गेलो असतो, तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागले असते, मुलाच्या कामाचा संग्रह ठेवून तो मूल्यमापकाला दाखवावा लागला असता, आणि १८० दिवसांचा किंवा ठरलेल्या तासांचा हिशेब ठेवावा लागला असता. न्यूयॉर्कमध्ये वर्षाच्या मध्येच सुरुवात केली तर १४ दिवसांच्या आत डिस्ट्रिक्टला पत्र, त्यानंतर शिकवण्याची लेखी योजना आणि दर तिमाहीला अहवाल. मॅसॅच्युसेट्समध्ये तर डिस्ट्रिक्टची मंजुरी आधी मिळवावी लागते. दोन-तीन महिन्यांसाठी हे करू पाहणाऱ्याने सर्वांत आधी आपण प्रत्यक्ष राहणार असलेल्या राज्याचा नियम त्या राज्याच्या शिक्षण खात्याच्या पानावर वाचावा. काही राज्यांत कागदपत्रांचा व्याप पाहता तात्पुरत्या शाळेत नाव घालणेच सोपे पडेल, आणि त्यात कमीपणा नाही. आणखी एक गोंधळ नेहमी होतो: ऑनलाइन चालणारे पब्लिक स्कूल म्हणजे होमस्कूलिंग नव्हे. तिथे मूल घरात बसलेले असले तरी ते त्या शाळेचे विद्यार्थी असते, हजेरी, परीक्षा सगळे लागू होते, आणि दहा आठवड्यांसाठी त्यात शिरणे म्हणजे पुन्हा तिसरी शाळाच.

न्यू जर्सीच्या शाळेतून नाव काढताना आम्ही एक गोष्ट बरोबर केली आणि एक चुकलो. बरोबर केलेली गोष्ट अशी, की शेवटच्या तारखेसह लेखी पत्र दिले आणि गुणपत्रिका, चाचण्यांचे निकाल, लसीकरणाची नोंद यांच्या प्रती स्वतःच्या हातात घेतल्या. एरवी एक शाळा दुसऱ्या शाळेला कागद परस्पर पाठवते, पण मध्ये शाळाच नसेल तर ते कोणाला पाठवणार? १९७४ च्या संघीय कायद्याने पालकांना मुलाच्या शालेय नोंदी पाहण्याचा हक्क दिलेला आहे, तरीही निघण्याच्या आदल्या आठवड्यात, समोर उभे राहून मागितलेले कागद आणि दीड हजार मैलांवरून दूरध्वनीवर मागितलेले कागद यांत फरक पडतोच. चुकलेली गोष्ट अशी, की गणिताच्या शिक्षिकेला भेटून पुस्तकातला नेमका कितवा धडा चालू आहे आणि वर्षअखेरपर्यंत काय उरले आहे हे विचारायचे राहून गेले. त्या एका पानाच्या यादीने माझे कितीतरी दिवस वाचले असते.

पहिल्या सोमवारी मी वेळापत्रक तयार ठेवले होते. साडेआठला गणित, सव्वानऊला विज्ञान, दहाला मधली सुट्टी, असे अडीच वाजेपर्यंत. विषयवार रंग दिलेले. पत्नीने ते पाहून फक्त घंटा कुठे आहे एवढेच विचारले. बुधवारपर्यंत ते वेळापत्रक मोडले होते, आणि ते आळसामुळे नव्हे तर हिशेबामुळे. शाळेतला चाळीस मिनिटांचा तास म्हणजे पंचवीस मुलांची हजेरी, गृहपाठ गोळा करणे, कोणाची पेन्सिल, कोणाचा प्रश्न, आणि उरलेल्या वेळात शिकवणे. घरात एक मूल आणि एक मोठे माणूस असताना तोच भाग पंधरा-वीस मिनिटांत संपतो. मग उरलेल्या वेळात मी तिला जास्तीची उदाहरणे देत राहिलो, म्हणजे पटकन काम संपवल्याबद्दल शिक्षा करत राहिलो. तिसऱ्या दिवशी तिने काम मुद्दाम सावकाश करायला सुरुवात केली, आणि त्यात तिचे काहीच चुकत नव्हते.

त्यानंतर आम्ही सकाळचे अडीच ते तीन तास अभ्यासाचे ठेवले आणि बाकीचा दिवस तिच्यावर सोपवला. अट एकच, की दुपारी जेवणाआधी पडदा नाही. कामाची नोंद एका साध्या वहीत: तारीख, विषय, काय केले, किती वेळ. कायद्याने ती वही मागितलेली नव्हती, पण दहा आठवड्यांनी कोणी विचारले तर तोंडी आठवणींपेक्षा वही बरी, असा माझा कारकुनी विचार होता.

पण वहीत काय लिहायचे, म्हणजे शिकवायचे तरी काय? माझी सुरुवातीची समजूत अशी, की न्यू जर्सीतल्या सहावीचा जो भाग राहिला आहे तो पुरा करावा. चौथ्या आठवड्यात मी नव्या डिस्ट्रिक्टच्या शाळेतल्या काउन्सेलरना दूरध्वनी केला. प्रवेश अजून झालेला नसतानाही त्या बाई शांतपणे बोलल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला: तुम्ही आमच्याकडचा सहावीचा गणिताचा अभ्यासक्रम पाहिला आहे का? मी पाहिला नव्हता. पाहिल्यावर लक्षात आले, की मी पूल बांधत होतो तो चुकीच्या काठाकडे.

बहुतेक राज्यांनी भाषा आणि गणितासाठी जी सामायिक मानके मूळ रूपात किंवा थोड्या फरकाने स्वीकारली आहेत, ती टेक्सासने कधीच स्वीकारली नाहीत. या राज्याची स्वतःची मानके आहेत, इथले लोक त्यांना 'टीक्स' म्हणतात, आणि ती इयत्तेनुसार सर्वांना वाचायला उपलब्ध आहेत. न्यू जर्सीच्या सहावीत ऋण संख्यांची ओळख होते, त्या संख्यारेषेवर दाखवल्या जातात, पण त्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सातवीत येतात. टेक्सासमध्ये या चारही क्रिया सहावीतच पक्क्या करून घेतात. म्हणजे आमची लेक ऑगस्टमध्ये ज्या सातवीत बसणार होती, तिथे उणे आठ भागिले उणे दोन हे सर्वांना येते असे धरून शिक्षक पुढे जाणार होते. शिवाय टेक्सासच्या सहावीच्या गणितात पैशाच्या व्यवहाराचा एक स्वतंत्र भाग आहे: बँकेच्या खात्याचे खर्च, डेबिट आणि क्रेडिट कार्डातला फरक, चेक रजिस्टरचा, म्हणजे खात्यातल्या जमा-खर्चाच्या नोंदवहीचा, ताळा, पतअहवालात काय असते. उलट गुणोत्तरांवर आणि अपूर्णांकांच्या भागाकारावर न्यू जर्सीत तिचे बरेच काम आधीच झाले होते, आणि मी तेच पुन्हा दळत बसलो होतो.

म्हणून दहापैकी उरलेल्या सहा आठवड्यांत गणितापुरते आम्ही सगळे बाजूला ठेवून ऋण संख्या घेतल्या. इथे माझी पंचाईत झाली. मी मराठी माध्यमात शिकलो, आणि 'ऋण गुणिले ऋण म्हणजे धन' हे मला इतके पाठ आहे की ते का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तिला पडला. मी संख्यारेषा काढली, दिशा उलटण्याचे उदाहरण दिले, खान अकॅडमीचे मोफत व्हिडिओ लावले. ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायची. एके दिवशी आवाज चढला, माझाच. ती वही मिटून बाथरूममध्ये जाऊन बसली, कारण दोन खोल्यांच्या हॉटेलात रुसून जायला दुसरी जागा नसते.

सुटका चेक रजिस्टरने केली. तो भाग करायचाच होता, म्हणून मी तिला त्या आठवड्यापासून आमच्या किराण्याच्या पैशाचा हिशेब ठेवायला सांगितले होते: आठवड्याची रक्कम जमा, प्रत्येक खरेदी वजा, शेवटी शिल्लक, आणि बँकेच्या पानाशी ताळा. एका शुक्रवारी ताळा जमेना. तिने दुकानाचा पाच डॉलरचा एकच खर्च चुकून तीनदा जास्त लिहिला होता. त्या तीन नोंदी खोडल्यावर शिल्लक पंधराने वाढली. ती थोडा वेळ त्या पानाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "बाबा, म्हणजे मी उणे पाच तीनदा काढून टाकले. उणे तीन गुणिले उणे पाच." मी काहीही न बोलण्याचे शहाणपण दाखवले, जे त्या दहा आठवड्यांत क्वचितच दाखवले होते.

या सगळ्यात एक अनपेक्षित शिक्षक मिळाले, ते म्हणजे माझे वडील. टेक्सासमध्ये सकाळचे साडेसात म्हणजे भारतात संध्याकाळचे सहा. फेरफटका मारून ते त्या वेळी घरी आलेले असत. न्यू जर्सीत शाळेच्या घाईत ही वेळ कधी जमत नसे. त्यांनी नातीला पावकी, निमकी आणि दिडकी, म्हणजे अपूर्णांकांचे जुने पाढे, शिकवायला घेतली, जी मलाही धड येत नाही. तिला त्याची मौज अशी, की अपूर्णांकांना मराठीत स्वतःची नावे आहेत. पाऊण, सवा, दीड, अडीच हे आकडे न लिहिता बोलता येतात. याचा सातवीला किती उपयोग झाला हे मोजता येणार नाही, पण दिवसाची सुरुवात माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाशी तरी बोलून होत होती, ही दोघांच्याही दृष्टीने मोठीच सोय होती.

विज्ञानात आम्ही कमी पडलो. हॉटेलच्या ओट्यावर होण्यासारखे दोन-चार प्रयोग केले आणि थांबलो. पण ८ एप्रिलला जे डॅलसमध्ये घडले त्याने बरीच भरपाई केली. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा शहरावरून जात होता. ग्रहणाच्या आधीच्या आठवड्यात तिने नकाशा पाहून शोधून काढले की आमचे हॉटेल पट्ट्याच्या कडेकडे आहे आणि अर्धा तास दक्षिणेला गेलो तर अंधार अधिक वेळ मिळेल. गुणोत्तरे तिला येत होतीच, म्हणून आम्ही आकडे मांडले. सूर्याचा व्यास सुमारे १३,९२,००० किलोमीटर, चंद्राचा ३,४७४, म्हणजे सूर्य सुमारे ४०० पट मोठा. त्या दिवशी सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर होता आणि चंद्र ३,६०,००० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सूर्य ४१५ पटींहून थोडा अधिक दूर. जितका मोठा त्याहून अधिक पटीने दूर, म्हणून चंद्राची तबकडी सूर्याला पुरती झाकणार. चंद्र थोडा लांब असता तर कडेने बांगडी उरली असती. हे गणित तिने स्वतः भागाकार करून काढले. सकाळपासून ढग होते, पण ऐनवेळी ते विरळ झाले. दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनंतर उद्यानातले दिवे लागले, पक्षी गप्प झाले, आणि सुमारे पावणेचार मिनिटे शेकडो माणसे वर पाहत उभी राहिली. वहीत त्या दिवशी तिने 'विज्ञान, सव्वा तीन तास' असे लिहिले, आणि कंसात 'त्यातले अडीच तास ट्रॅफिक'.

आता जे खरोखर अवघड होते त्याबद्दल. अभ्यास नव्हे, सोबत. आमच्या अपेक्षेपेक्षा हे जड गेले. मोठ्या मुदतीने होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांचे आपापले गट असतात, सहली असतात, आठवड्यातून एकदा एकत्र भरणारे वर्ग असतात. दहा आठवड्यांसाठी आलेले मूल त्या गटात शिरेपर्यंत निघायची वेळ होते. आम्ही एका गटाच्या बागेतल्या भेटीला दोनदा गेलो. मुले चांगली होती, पण ती एकमेकांना पाच वर्षांपासून ओळखत होती. न्यू जर्सीतल्या मैत्रिणी सुरुवातीला रोज बोलायच्या, मग एक दिवसाआड, आणि एप्रिलच्या शेवटी त्यांच्या गप्पांत अशा नव्या गोष्टी येऊ लागल्या ज्या हिला ठाऊक नव्हत्या. तिने हे बोलून दाखवले नाही. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या पाहत बसायची, यावरून आम्ही समजलो.

सार्वजनिक ग्रंथालयाचा मोठा आधार झाला. तिथल्या बाईंनी हॉटेलच्या पत्रावर तात्पुरते कार्ड दिले आणि किशोरवयीन मुलांच्या दर गुरुवारच्या कार्यक्रमात तिचे नाव घातले. तिथे एका मुलीशी तिचे जमले, चित्रे काढण्यावरून. ती मुलगी आमच्या नव्या घराच्या डिस्ट्रिक्टमधली नव्हती, म्हणजे पुढे शाळेत भेटणार नव्हती, पण गुरुवार हा वार झाला, आणि आठवड्याला वार असणे त्या काळात फार गरजेचे होते. सनईसारखे फुंकून वाजवायचे तिचे क्लॅरिनेट न्यू जर्सीतल्या दुकानाला परत करावे लागले होते, ते मी डॅलसमध्ये ताबडतोब दुसरे भाड्याने घ्यायला हवे होते. हॉटेलच्या शेजाऱ्यांना त्रास होईल म्हणून मी मेपर्यंत टाळले, ही माझी चूक. शाळेच्या वाद्यवृंदात सातवीत बसायचे तर दहा आठवड्यांचा खंड बोटांना आणि ओठांना कळतो.

लेखनाची जबाबदारी पत्नीने घेतली होती, कारण माझ्या इंग्रजी निबंधांची तपासणी ही केवळ स्वल्पविरामांची तपासणी असते. सहावीत मुलांनी एखादी भूमिका घेऊन पुरावे द्यायचे, विरुद्ध बाजू मांडून तिला उत्तर द्यायचे असा निबंध अपेक्षित असतो. विषय तिने निवडायचा होता. मेच्या पहिल्या आठवड्यात तिने जो निबंध दिला त्याचा विषय होता, मला हॉटेलजवळच्या शाळेत न घालण्याचा आईबाबांचा निर्णय चुकीचा होता. पुरावे क्रमाने दिले होते: तोपर्यंतच्या आठवड्यांत तिने स्वतःच्या वयाच्या किती मुलांशी बोलणे केले याची वहीतून काढलेली संख्या, नवी शाळा दोनदा सुरू करण्याची भीती ही तिची नव्हे तर आमची होती हे निरीक्षण, आणि न विचारता ठरवल्याची तारीख. विरुद्ध बाजूही प्रामाणिकपणे मांडली होती, त्यात ऋण संख्या आणि ग्रहण दोन्ही होते. पत्नीने तो माझ्यासमोर ठेवला आणि ती दुसऱ्या खोलीत गेली.

तो तिच्या वर्षभरातला सर्वांत चांगला निबंध होता. मी तिला तसे सांगितले, आणि हेही सांगितले की न विचारल्याचा मुद्दा मला मान्य आहे. आम्ही तिला सांगितले होते, समजावले होते, पण विचारले नव्हते. तिने विचारले, "मग आता ग्रेड काय?" पत्नीने विरामचिन्हांसाठी दोन गुण कापले.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात घराचा ताबा मिळाला आणि वीजजोडणीचे पत्र घेऊन आम्ही शाळेच्या कार्यालयात गेलो. मी ती वही, कामाच्या नमुन्यांची फाइल, वाचलेल्या पुस्तकांची यादी असे सगळे घेऊन गेलो होतो. काउन्सेलर बाईंनी वही चाळली, ग्रहणाच्या पानावर हसल्या आणि ती बाजूला ठेवली. त्यांना मुख्यतः न्यू जर्सीची शेवटची गुणपत्रिका हवी होती, आणि गणिताच्या वर्गासाठी एक छोटी चाचणी घ्यायची होती. होमस्कूलिंगमधून येणाऱ्या मुलाला कोणत्या वर्गात बसवायचे यासाठी डिस्ट्रिक्ट अशी चाचणी घेऊ शकते. आमच्याकडे ती पाऊण तासाची होती. अडले ते मात्र भलत्याच ठिकाणी. सातवीसाठी लागणाऱ्या धनुर्वात आणि मेंदूज्वराच्या लसी न्यू जर्सीने सहावीतच मागितल्या होत्या, त्यामुळे त्या झालेल्या होत्या. पण टेक्सास हिपॅटायटिस ए च्या लसीचे दोन डोस मागते, न्यू जर्सी ती मागतच नाही, आणि आमच्या नोंदीत एकच होता. सगळे उन्हाळाभर मी गणिताची मानके वाचत होतो आणि लसीकरणाचे ते एक पान वाचले नव्हते. शाळा सुरू होण्याच्या आठ दिवस आधी दवाखान्याची वेळ मिळाली.

ऑगस्टमध्ये ती सातवीत बसली. पूर्णांकांच्या पहिल्या घटकात तिला काही अडचण आली नाही. सातवीत टेक्सासचा इतिहास हा विषय असतो, तो तिच्यासारख्या नव्याने आलेल्या मुलांसाठी पहिल्यापासूनच सुरू होतो, त्यामुळे तिथेही सगळे एका रेषेत. वाद्यवृंदात तिला पहिल्या सत्रात मागच्या ओळीत बसावे लागले.

फट सापडली ती ऑक्टोबरमध्ये. शिक्षकांनी फळ्यावर एक त्रिकोण काढून दोन कोन दिले आणि तिसरा विचारला, आणि वर्गातली सगळी मुले उत्तर लिहू लागली. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज टेक्सासमध्ये सहावीत येते. ते वाक्य मी एप्रिलमध्ये वाचले होते, त्याखाली पेन्सिलीने रेघही मारली होती, आणि मग ऋण संख्यांच्या नादात ते पान उलटून गेलो होतो. तिने घरी येऊन मला ते पान शोधायला लावले, ती रेघ दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, शाळेची बस येण्याआधी, आजोबांना फोन लावला. त्यांनी तिला कागदाचा त्रिकोण कापून तिन्ही कोपरे फाडायला आणि शेजारी शेजारी ठेवायला सांगितले. मी तेव्हा डबा भरत होतो, त्यामुळे मला फक्त कागद फाटल्याचा आवाज आला, आणि मग आजोबांना कोपरे नीट दिसावेत म्हणून तिने फोन टेबलावर उचलून धरल्याचा.